मीटरच्या खड्ड्यातले साहेब

"हाताला काहीही चोपडून बेडकाला हात लावायचा नाही," असं नणंदेनं तिला, लेकीसह साप-बेडूक बघायला नेलं त्या अगदी पहिल्या दिवशी सांगितलं होतं. "क्रीम नाही, डासांचं मलम नाही, आणि तुझं ते सॅनिटायझर तर मुळीच नाही. वहिनी, ऐकतेयस ना?"

वहिनी ऐकत होती. पण ऐकण्या-ऐकण्यात फरक असतो. त्या सकाळी नणंदेनं सांगितलेल्या बाकी सगळ्या सूचना तिनं जिवाचा कान करून ऐकल्या, कारण त्या सगळ्या आपल्या लेकीला काय होऊ शकेल याबद्दल होत्या. ही एकच सूचना बेडकाला काय होऊ शकेल याबद्दल होती. ती या कानानं आत शिरली आणि त्या कानानं बाहेर पडली. शिवाय तिनं मनाशी म्हटलं, बेडकाला हात लावायला मी काय वेडी आहे?

तिच्या काळजीची ख्याती घरात मोठी होती. त्यात तिचा धंदाही असा की आगीत तेल. औषधाच्या खोक्यात बारीक अक्षरांचा जो घडी घातलेला कागद असतो, तो छापण्याआधी तपासायचं काम ती घरी बसून करायची. साध्या खोकल्याच्या औषधानंसुद्धा क्वचित प्रसंगी काय काय होऊ शकतं, हे तिला तोंडपाठ होतं. "क्वचित प्रसंगी" हे दोन शब्द तिच्या बोलण्यात इतके यायचे की नवरा म्हणायचा, "आपल्या घरात जे होतं ते क्वचितच होतं, पण रोज होतं."

आणि अशा बाईच्या पोटी जन्माला आली होती भिंगरी. पाळण्यातलं नाव वेगळं होतं, पण ते शाळेच्या दाखल्यापुरतंच. पहिलीत गेली तरी एका जागी बसेल तर शपथ. बाईंनी दोनदा बोलावून सांगितलं होतं, "हुशार आहे हो, पण बूड टेकत नाही." ही पोर एके दिवशी कंपासपेटीत पालीची शेपटी घेऊन घरी आली. शेपटी अजून वळवळत होती. आईनं जी किंकाळी फोडली, ती ऐकून वरच्या मजल्यावरच्या काकू लाटणं घेऊन धावत खाली आल्या.

तेव्हा नणंद मध्ये पडली. नणंद दातांच्या कवळ्या बनवायची. आठवडाभर लोकांचे दात घासून-पुसून घडवायचे, आणि सुट्टीच्या दिवशी ज्यांना कवळी लागतच नाही अशा साप-बेडकांना शोधत झाडाझुडपांत हिंडायचं, असा तिचा क्रम.

"वहिनी, हिला थांबवता येणार नाही. चोरून दगड उचलेल, त्यापेक्षा नीट उचलायला शिकवू या," ती म्हणाली.

"नीट म्हणजे?"

"म्हणजे हिलाही काही होणार नाही आणि दगडाखालच्यालाही."

"दगडाखालच्याचं मला नको सांगूस," वहिनी म्हणाली आणि बॅग भरायला लागली. बॅगेत पट्ट्या, मलमं, शिट्टी, दोन विजेऱ्या, जास्तीचे मोजे. पर्सला आकड्यानं अडकवलेली सॅनिटायझरची बाटली तर कायमचीच. ती चालायला लागली की बाटली गाईच्या गळ्यातल्या घंटेसारखी हलायची.

गावाबाहेर एक बंद पडलेली रोपवाटिका होती. तिथे नणंदेनं मालकाला विचारून जुन्या दारांच्या फळ्या आणि पत्र्याचे तुकडे जमिनीवर ठिकठिकाणी पसरून ठेवले होते. ऊन तापायच्या आत जायचं, एकेक फळी उचलून खाली कोण राहायला आलंय ते बघायचं आणि फळी होती तशी ठेवून परत यायचं. एवढाच खेळ.

भिंगरीनं पहिली फळी दिसताच तिकडे झेप घेतली. आत्यानं मागून तिच्या फ्रॉकचा पट्टा धरला.

"बोट कुठे चाललंय?"

"फळीखाली."

"तिथे तुझे डोळे जाऊन आलेत का?"

"नाही."

"मग बोट कसं जाईल? आधी डोळे. मग काठी. हात कुठे?"

"कुठे?"

"खिशात. हाताचं इथे काही काम नाही."

मग तिनं करून दाखवलं. बंद बूट, लांब पँट, काठीनं आधी फळीवर दोन टकटक. फळीच्या एका बाजूला उभं राहून पलीकडची कड काठीच्या आकड्यानं आपल्याकडे ओढायची. "म्हणजे तोंड पलीकडे उघडतं. खाली जो असेल त्याला पळायला तिकडची वाट मोकळी, आणि आपल्या पायांपुढे फळीची ढाल."

"आणि साप निघाला तर?" वहिनीनं विचारलं. हा प्रश्न ती घरून तयार करून आली होती.

"तर थांबायचं आणि हळूच मागे यायचं."

"विषारी आहे का बिनविषारी, हे कसं ओळखायचं?"

"ओळखायचंच नाही. दोन माणसं एकापुढे एक आडवी झोपतील एवढं अंतर ठेवायचं, मग तो कोणी का असेना. चावतो कोण? ज्याला लोक पकडायला जातात तो. आणि वहिनी, आपण इथे आलोय हे घरी सांगितलंयस ना?"

"तुझ्या भावाला सांगितलंय, काकूंना सांगितलंय, दूधवाल्याला सांगितलंय."

"दूधवाल्याला कशाला?"

"क्वचित प्रसंगी दोघंही फोन उचलत नाहीत."

फळीखाली त्या दिवशी एक सापसुरळी निघाली, तपकिरी, तेल लावल्यासारखी चकचकीत. भिंगरीनं श्वास घेतला तोवर ती गवतात पसारही झाली. आत्यानं फळी अलगद खाली टेकवली. "आधी झाकण, मग पाहुणा. जो सावकाश चालतो त्याला झाकणाखाली चिरडायचं नाही. काठीनं बाजूला सारायचं, झाकण ठेवायचं, आणि मग त्याचा तो आत जातो. आणि घरी गेल्यावर साबणानं हात धुवायचे. आपण कशाला शिवलो नाही तरीसुद्धा."

"हा नियम मला आवडला," वहिनी म्हणाली.

इथवर सगळं ठीक होतं. पण रोपवाटिका महिन्यातून एकदा, आणि भिंगरीला तर रोज हवं. तेव्हा ती आपल्याच इमारतीच्या मागच्या अंगणात शोधायला लागली, आणि तिथे, पाण्याच्या मीटरच्या खड्ड्यात, तिला साहेब भेटले.

खड्ड्यावर लोखंडी झाकण होतं, त्याचा एक कोपरा तुटलेला. आत मीटरचा सांधा ठिबकायचा, त्यामुळे तळाशी कायम ओल. त्या ओलीत एक मूठभर, खडबडीत, मातकट बेडूक पोट पसरून बसलेला असायचा. डोळे अर्धे मिटलेले, तोंड रुंद आणि नाराज. जवळून मुंगी गेली तरी लगेच हलायचा नाही. आधी विचार करायचा.

भिंगरीच्या बापानं वाकून बघितलं आणि म्हणाला, "हे तर आमचे साहेब. समोर काम आलं की असेच बसतात."

झालं. साहेबांचं बारसं झालं.

आईनं परवानगी दिली ती अटींसह. संध्याकाळी, अभ्यास झाल्यावर, आई बरोबर असताना, तुटक्या कोपऱ्यातून फक्त बघायचं. झाकण उचलायचं नाही, बोट घालायचं नाही. आणि मग असं झालं की जी पोर शाळेत बूड टेकत नव्हती, ती खड्ड्याजवळ उकिडवी बसायची ती बसूनच राहायची. हनुवटी गुडघ्यावर, ओठ मिटलेले. साहेबांनी पापणी हलवली की हळूच सांगायची, "आई, हलवली." आईला तर बेडकाकडे बघायचंच नसायचं. ती लेकीच्या पाठीकडे बघायची. इतकी स्थिर पाठ तिनं ती झोपेत असतानाही बघितली नव्हती. महिन्याभरानं बाईंनी वहीत लिहून पाठवलं, आता वर्गात बरीच बसते. आईनं ते वाचलं आणि कपडे वाळत घालायला जाता-येता ती स्वतःच खड्ड्याशी वाकायला लागली. आहेत ना साहेब? आहेत. मग पुढे.

अडचण एकच होती. त्या ठिबकणाऱ्या सांध्याची तक्रार तिनंच करून ठेवली होती. साहेब भेटण्याच्या कितीतरी आधी, डास होतात म्हणून, एकदा नाही, लागोपाठ. आणि तक्रारींचं असं असतं की विसरल्या की त्या ऐकल्या जातात.

आदल्या दिवशी निरोप आला, उद्या पाणी बंद, प्लंबर येतोय. तिनं घरातली टोपापासून टबापर्यंत सगळी भांडी भरून ठेवली. फुलदाणीसुद्धा. नवरा म्हणाला, "दोन तास पाणी जाणारेय, दुष्काळ पडत नाहीये." तिनं त्याच्या हातातला पेला घेतला आणि तोही भरला.

प्लंबर आला तेव्हा भिंगरी शाळेत होती. त्यानं पहार घालून झाकण उचललं, आत बघितलं आणि वर हाक मारली, "ताई, इथे बेडूक आहे हो. काढून टाकतो." ती गॅलरीत आली तर त्याच्या हातात फावडं.

"फावड्यानं?" ती ओरडली. "थांबा! हात लावू नका! मी आले!"

पर्स खांद्याला मारून ती दोन-दोन पायऱ्या उतरत सुटली. दुपारी शाळेतून येणारी ती स्थिर पाठ डोळ्यांपुढे होती, आणि तिनं ठरवलं, मीच उचलणार. पाचवीत मैत्रिणींनी दप्तरात बेडूक टाकला म्हणून आठवडाभर शाळेत न गेलेली ती, आज स्वतःच्या हातानं बेडूक उचलणार. आणि उचलायचाच तर नीट. आपल्या हातांवर काय काय जंतू असतील, बिचाऱ्याला काही व्हायला नको. तिनं पर्सची बाटली काढली, तळहातावर भरपूर ओतलं, बोटांच्या बेचक्यात चोळलं, कोपरापर्यंत चोळलं. मग डोळे गच्च मिटले, खड्ड्यात हात घातले आणि साहेबांना उचललं.

साहेबांनी तिच्या ओंजळीत यथेच्छ लघवी केली. तिनं सोडलं नाही. दातावर दात दाबले, देवाचं नाव घेतलं, पण सोडलं नाही. रिकाम्या बादलीत त्यांना ठेवलं तेव्हा कुठे डोळे उघडले.

"मानलं ताई तुम्हाला," प्लंबर म्हणाला. "जनावरांच्या डॉक्टर आहात का?"

"नाही," ती धापा टाकत म्हणाली, "मी कागद तपासते."

आयुष्यात एवढा अभिमान तिला पदवीच्या वेळीही वाटला नव्हता. नणंदेला फोटो पाठवावा म्हणून तिनं बादलीत डोकावलं. साहेब आडवे झाले होते. मागचा एक पाय ताणून लांब गेला होता, डोळे आत ओढले गेले होते, तोंड उघडून मिटत होतं. बादलीतून सॅनिटायझरचा वास येत होता.

आणि तेव्हा, उशिरा पोचलेल्या पाहुण्यासारखी, ती सूचना परत आली. क्रीम नाही, मलम नाही, आणि तुझं ते.

तिनं फोन लावला. पलीकडे कवळी घासायच्या यंत्राची घरघर.

"अगं, साहेब कसेतरीच करतायत!"

घरघर थांबली. "काय झालं?"

"प्लंबर फावड्यानं काढत होता, म्हणून मी उचललं."

"तू? हातानं? वहिनी, कमाल आहे तुझी!" मग आवाज जरा खाली आला. "हाताला काय होतं?"

"काही नाही. हात स्वच्छ होते."

"किती स्वच्छ?"

तिनं मोकळा हात नाकाशी नेऊन हुंगला.

"वहिनी. किती स्वच्छ?"

"कोपरापर्यंत," ती म्हणाली आणि रडायला लागली.

नणंद ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "बेडूक तोंडानं पाणी पीत नाही, कातडीनं पितो. हाताला जे असतं ते सगळं आत जातं. आता रडू नकोस, मी सांगते ते कर. त्याला धुवायला पाणी लागेल. पण नळाचं ताजं नको, त्यात जंतू मारायचं क्लोरीन असतं. काल भरून उघडं ठेवलेलं पाणी आहे का कुठे?"

वहिनीनं डोळे पुसले. "सगळीकडे आहे," ती म्हणाली. "फुलदाणीत पण आहे."

"तू थोर आहेस. आता आधी स्वतःचे हात त्याच पाण्यानं खळखळून धू. साबण नाही. हातावर प्लास्टिकची पिशवी चढव, ती ओली कर, मग त्याला उचल. उथळ ताटलीत ठेव, वरून पाणी हळूहळू सोड. पाणी पोटाच्या वर जाता कामा नये, बुडेल. ताटली रिकामी कर, परत सोड. असं बरेचदा. मग खोक्यात ओला फडका, झाकणाला भोकं, खोकं सावलीत."

"आणि मग?"

"मग काही नाही. वाट बघ."

"किती वेळानं उघडून बघू?"

"बघायचं नाही. हात नाही, डोळेही नाहीत. अंधारात पडू दे त्याला."

तिला हीच शिक्षा सगळ्यात मोठी वाटली. ही बाई झोपलेल्या लेकीच्या नाकापुढे रोज बोट धरून बघायची, श्वास चालू आहे ना. तिला आता बुटाच्या खोक्याकडे नुसतं बघत बसायचं होतं. करायला गेले काय आणि वर झाले पाय, असं ती स्वतःशी पुटपुटत राहिली. खाली प्लंबरनं नवा सांधा बसवला, खड्ड्याला सिमेंटचा गिलावा केला, वर घट्ट प्लास्टिकचं झाकण बसवलं. "आता मुंगीसुद्धा जाणार नाही," तो अभिमानानं सांगून गेला. आता साहेब वाचले तरी त्यांचं घर गेलंच होतं.

दुपारी शाळेची गाडी आली. जिन्यावर पावलं वाजेपर्यंत तिनं एक थाप रचून ठेवली होती, साहेब रजेवर गेलेत. पण भिंगरी दारातूनच ओरडली, "आई, खड्ड्याला नवं झाकण! साहेब कुठे?" आणि ती थाप घशातच राहिली.

तिनं सगळं सांगितलं. खोकं दाखवलं. भिंगरी खोक्यासमोर उकिडवी बसली. हनुवटी गुडघ्यावर. आईला वाटलं, हिनं आदळआपट करावी, मला चिमटे काढावेत, पण हे असं बसू नये.

"आत्यानं सांगितलं होतं ना तुला?" शेवटी भिंगरी म्हणाली.

"सांगितलं होतं."

"मग?"

"तुझ्याबद्दल नव्हतं ते. म्हणून लक्षच दिलं नाही मी."

भिंगरीनं यावर विचार केला. "आणि तू डोळे मिटून हात घातलास?"

"हो."

"आधी डोळे, मग काठी. तो पण नियम मोडलास."

"मोडला गं बाई."

"घाण नाही वाटली?"

"वाटली ना. त्यांनी माझ्या हातावर शू केली."

भिंगरीची मान झटकन वर झाली. "खरंच? आणि तू सोडलं नाहीस?"

"नाही सोडलं."

भिंगरी हसली नाही, पण सरकून आईच्या मांडीला टेकली. मग दोघी खोक्याकडे बघत बसल्या.

ऊन उतरल्यावर नणंद आली. बाह्यांवर कवळ्यांच्या प्लास्टरची पांढरी भुकटी तशीच. ती दारात उभी असतानाच खोक्यातून खरवडल्यासारखा आवाज आला. तिघी जागच्या जागी थांबल्या. नणंदेनं झाकणाची कड किंचित उचलली.

साहेब बसले होते. आडवे नव्हते, बसले होते, पोट पसरून, नेहमीसारखे नाराज. आणि मोठ्या कष्टानं, एकेक बाही सोडवावी तशी, अंगावरची पातळ कात ओढून ओढून तोंडात कोंबत होते.

"आत्या, साहेब शर्ट खातायत!" भिंगरी कुजबुजली.

"जुनी कात आहे. ते नेहमीच खातात, काही वाया घालवत नाहीत," आत्या म्हणाली. मग वहिनीच्या चेहऱ्याकडे बघून तिनं पुढे सांगितलं, "बरा वाटतोय. पण खात्री देत नाही हं. आत किती गेलं ते आत्ता कळत नाही. जेवायला लागला तर जगला म्हणायचं."

"जेवतोय हे कसं कळणार?"

"ते त्याचं तो कळवेल."

खोक्यात ठेवायचं नाही, लांब नेऊन सोडायचं नाही, जिथला तिथेच, असा नणंदेचा हुकूम. पण खड्डा तर बंद. मग अंगणाच्या कोपऱ्यात, नळाच्या सावलीला, काठ फुटलेली एक मातीची कुंडी त्यांनी उपडी घातली. फुटका भाग दरवाजा म्हणून. साहेबांना दाराशी ठेवलं. त्यांनी आधी विचार केला, मग पाय ओढत आत गेले.

"आता कुंडी रोज उचलायची नाही," नणंद म्हणाली. "रविवारी. एकदाच. दिवसातून चारदा कोणी आपलं छप्पर उचलून बघायला लागलं तर आपण तिथे राहू का?"

"तुझी आई दिवसातून चारदा माझ्या स्वयंपाकघरात येऊन बघायची," वहिनी म्हणाली. "राहिलेच ना मी?"

"तू माणूस आहेस. तुला सहन होतं."

"बरं का, वन्सं," वहिनी म्हणाली. नणंदेला 'वन्सं' ती फक्त रागावली की म्हणायची. पण त्या दिवशी त्यात राग नव्हता.

तो आठवडा कसा गेला ते तिचं तिला माहीत. एक टॉवेल वाळत घालायला ती पुन्हा पुन्हा अंगणात जायची. नवरा म्हणाला, "टॉवेल वाळून पत्रा झाला, आता तरी काढ." ती कुंडीपाशी थांबायची, वाकायची, हात पुढे जायचा आणि परत यायचा. पण एकदाही तिनं कुंडी उचलली नाही. भिंगरीही उचलायची नाही. फक्त झोपताना विचारायची, "जेवले असतील?" आणि आई म्हणायची, "असतील." शाळेतून पुन्हा निरोप आला, परवापासून जागेवर बसत नाही, सारखी खिडकीशी.

रविवारी सकाळी तिघी अंगणात उतरल्या. बूट, लांब पँट, काठी. पर्स वरच राहिली होती.

"मी उचलणार," भिंगरी म्हणाली.

आईच्या तोंडात एक 'क्वचित प्रसंगी' तयार होतं. ते तिनं गिळलं. "उचल. मी मागे उभी आहे."

भिंगरीनं काठीनं टकटक केलं. एका बाजूला उभी राहिली. आकड्यानं पलीकडची कड धरून कुंडी आपल्याकडे ओढली, तोंड पलीकडे, अगदी आत्यानं शिकवलं तसं.

आत कोणी नव्हतं. एक गोगलगाय, थोडी ओल, बस.

भिंगरीनं कुंडी हळूच खाली टेकवली. "आधी झाकण, मग पाहुणा," ती म्हणाली, आणि आत्याकडे वळली. "पाहुणाच नाही, आत्या."

वहिनी दुसरीकडे बघायला लागली, कारण लेकीच्या तोंडाकडे बघवत नव्हतं. डोळ्यांत तेल घालून बघायची सवय तिला जन्माची. त्या सवयीनं तिची नजर नळाखालच्या सिमेंटवर गेली आणि तिथेच थांबली. काळपट, ओलसर, बोटाच्या पेराएवढं काहीतरी.

"हे काय गं?" ती म्हणाली. "उंदराचं का?"

नणंद गुडघ्यांवर बसली. काठीनं ते उकललं. आत भुंग्यांच्या पाठींचे निळे-काळे तुकडे चमकले, मुंग्यांची डोकी सांडली.

"उंदीर भुंगे खाऊन असं नाही करत," ती हळूच म्हणाली आणि मग जोरात हसली. "वहिनी! साहेबांनी कळवलं! शी आहे त्याची, ताजी, काल रात्रीची. भरपेट जेवलाय आणि पोट साफ आहे. जिवंत आहे तो!"

पोट साफ झालं का, हा प्रश्न आई भिंगरीला रोज सकाळी विचारायची. तेव्हा तिला ही भाषा चटकन कळली. ती नळाशेजारी मटकन बसली आणि हसता हसता तिला रडू आलं. भिंगरी तिच्याभोवती गरागरा फिरत ओरडत होती, "साहेब शी करून गेले! साहेब शी करून गेले!" वरच्या मजल्यावरच्या काकूंनी पुन्हा लाटणं घेऊन खाली बघितलं.

पण साहेब आहेत कुठे? नणंद म्हणाली, त्यांना एकच घर नसतं. रात्री दोन-तीन अंगणं ओलांडून जातात, जिथे ओल आणि सावली असेल तिथे दिवसभर बसतात. कुंपणाला खालून फट असली की झालं. तेव्हापासून भिंगरीची आई भेटेल त्याला विचारते. काकूंना विचारून झालं, समोरच्या इमारतीतल्या शिंप्याला विचारून झालं, प्लंबरला तर ती फोन करते. नवरा म्हणतो, "अति तेथे माती." ती म्हणते, "माती आहे तिथेच तर ते असणार."

आता राहिलात तुम्ही. तेव्हा तिचं एवढं काम कराल का? तुमच्या नळाखाली, कुंडीमागे, मीटरच्या खड्ड्यात एकदा बघून या. उजेड असताना जा, बूट घाला, घरात सांगून जा. आधी काठीनं टकटक करा, झाकण आपल्याकडे ओढा, बोट आत घालू नका. साप निघाला तर हळूच मागे या. साहेब निघाले, मूठभर, खडबडीत, नाराज, तर त्यांना उचलू नका, हात कितीही स्वच्छ असले तरी. झाकण होतं तसं ठेवा आणि तिला नुसतं कळवा की बसलेत. भिंगरी झोपायच्या आत कळवलंत तर फार बरं होईल.